लाकडावरची लहान बुरशी : नाव देण्यापूर्वी काय पाहावे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने बुरशीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण बी. ए. द्वितीय वर्षाला आम्हाला 'पर्यावरण अभ्यास' हा विषय आहे आणि त्यासाठी एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक मैत्रिणींनी पाणी, कचरा, वृक्षारोपण असे विषय घेतले. मी लाकडावर उगवणारी लहान बुरशी हा विषय घेतला. कारण अगदी साधे आहे. माझे वडील आरा मशीनवर कामाला आहेत. घरी अजून चूल पेटते आणि पऱ्हाट्यांचा ढीग अंगणात असतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी मराठीच्या किंवा इतिहासाच्या पेपरविषयी बोलू लागले की घरातले कौतुकाने ऐकतात, पण मध्ये बोलत नाहीत. लाकडाविषयी मात्र सगळेच बोलतात. निदान एक विषय तरी असा असावा की ज्यात घर आणि महाविद्यालय दोन्हीकडे माझे बोलणे कळेल, असे मला वाटले.

या अभ्यासात मी एक मोठी चूक केली. ती कशी झाली आणि कशी उमगली हे सांगणे हाच या लेखाचा खरा हेतू आहे. परंतु त्यासाठी आधी थोडी पूर्वतयारी हवी.

कवक म्हणजे काय?

भाकरीवर येते ती बुरशी, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री, हे सगळे एकाच मोठ्या कुळातले. शास्त्रीय मराठीत त्यास 'कवक' म्हणतात. पूर्वी कवकांची गणना वनस्पतींत होत असे. पण त्यांच्यात हरितद्रव्य नसते, ती स्वतःचे अन्न स्वतः तयार करीत नाहीत आणि त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते. झुरळाच्या कवचात असते तेच हे द्रव्य. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यात कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली.

लाकडावर आपल्याला जे दिसते ते कवकाचे केवळ फळ होय. त्यास 'फलकाय' म्हणतात. खरे शरीर लाकडाच्या आत बारीक धाग्यांच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेले असते. हे धागे लाकूड विरघळवून त्यावर जगतात. पाऊस पडला, ओल टिकली की फलकाय बाहेर येतो आणि त्यातून धुळीहून बारीक असे बीजाणू हवेत सुटतात. म्हणजे फळ दिसण्यापूर्वी कित्येक महिने झाड, म्हणजे कवक, आत वाढलेलेच असते. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी.

बाहेर काय पाहावे?

भिंगाशिवाय किंवा दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या हस्तभिंगाने जे पाहता येते, त्याची नोंद जागेवरच करावी. घरी आणल्यावर रंग उडतो, ओल जाते, आणि आठवण तर आपल्या सोयीप्रमाणे बदलते. मी वहीत पुढील रकाने आखले होते :

१. झाड कोणते? बाभूळ, लिंब, आंबा, सुबाभूळ, चिंच, की कापसाची पऱ्हाटी?
२. लाकूड उभ्या झाडाचे की पडलेले? फांदी जिवंत, अर्धी वाळलेली की पूर्ण मेलेली?
३. साल आहे की गेली? फलकाय सालीवर बसला आहे की साल फोडून आतून आला आहे?
४. एकटा की झुपक्याने?
५. आकार, रंग आणि मिलिमीटरमध्ये माप.
६. हाताला कसा लागतो? मऊ, चिवट, लाकडासारखा की कोळशासारखा ठिसूळ?
७. खालची बाजू कशी आहे? पट्ट्या आहेत, बारीक छिद्रे आहेत की गुळगुळीत आहे?
८. खालचे लाकूड कसे कुजले आहे?

यांतील शेवटचा रकाना मला पुस्तकाने नव्हे, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी भरायला शिकवला. ते ओंडका कापण्यापूर्वी कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून आवाज ऐकतात. एकदा त्यांनी दोन कुजके तुकडे माझ्यापुढे ठेवले. एक पांढरट, ओल्या कापसासारखा धागे धागे सुटणारा होता. दुसरा तपकिरी, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडून ढेकळे सुटावीत तसा चौकोनी तुकड्यांत फुटणारा. अण्णा म्हणाले, "दोन्ही कुजलेलेच, पर कुजायची रीत येगळी." शास्त्रही तेच सांगते. लाकडात मुख्यतः दोन द्रव्ये असतात. सेल्युलोज हे धाग्यासारखे आणि लिग्निन हे त्यास बांधून ठेवणारे. 'पांढरी कूज' आणणारी कवके लिग्निनही खातात, म्हणून लाकूड पांढरे पडून सुटे होते. 'तपकिरी कूज' आणणारी कवके सेल्युलोज खाऊन तपकिरी लिग्निन बरेचसे मागे ठेवतात, म्हणून लाकूड चौकोनी तडकते. आरा मशीनवर तीस वर्षे काढलेल्या माणसास हा भेद पुस्तकाशिवाय माहीत होता, फक्त त्यास नाव नव्हते.

नमुना कसा आणावा?

कवक खरवडून आणू नये. खालच्या लाकडाच्या तुकड्यासह सुरीने काढावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास ते घामेजून सडते, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळावे. प्रत्येक पुडीत तारीख, गाव, झाड आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

मऊ व पट्ट्या असलेल्या कवकाचा 'बीजाणू-ठसा' घेता येतो. फलकायाची खालची बाजू काचेवर टेकवून वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर ठेवावे. सकाळी काचेवर पिठासारखा थर दिसतो. काचेखाली एकदा काळा व एकदा पांढरा कागद धरून त्याचा रंग पाहावा. फलकायाचा रंग आणि बीजाणूंचा रंग एकच असतो असे मुळीच नाही. त्यानंतर नमुना सावलीत कडक वाळवून ठेवावा. उगीच चव घेऊन पाहू नये आणि वाळलेली काळी भुकटी नाकाजवळ नेऊ नये.

सूक्ष्मदर्शकाखाली

आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही. जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमनी मला शनिवारी दुपारी त्यांच्या प्रयोगशाळेत बसू दिले. पहिल्या शनिवारी मी सूक्ष्मदर्शकात तासभर माझ्याच पापण्यांचे केस पाहिले. हे प्रांजळपणे लिहिते, म्हणजे माझ्यामागून येणाऱ्यांना धीर येईल.

रीत अशी आहे. नव्या ब्लेडने फलकायाचा शक्य तितका पातळ काप घ्यावा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर पातळ काच टेकवावी. प्रथम पाण्यातच पाहावे, कारण खरा रंग पाण्यातच कळतो. वाळलेला नमुना असल्यास पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात तो फुगून पूर्ववत होतो. रंगहीन भाग नीट दिसावेत म्हणून कॉटन ब्ल्यू हा निळा रंग वापरतात. शंभरपट, मग चारशेपट, असे क्रमाने जावे. माप मायक्रॉनमध्ये घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नेत्रभिंगात बसवलेली बारीक पट्टी आधी प्रमाणपट्टीशी ताडून घ्यावी लागते. एकाच बीजाणूचे माप पुरेसे नाही. मॅडम निदान वीस मोजायला लावीत.

पहिला प्रश्न असा विचारावा : बीजाणू कोठे तयार झाले आहेत? याची तीन मुख्य उत्तरे मला आढळली.

पहिले, मुगाच्या शेंगेत दाणे असावेत तसे लांबट पिशवीत, बहुधा आठ. ही 'धानी' आणि असे कवक ते धानीकवक.

दुसरे, गदेसारख्या पेशीच्या डोक्यावर चार बारीक टोके आणि प्रत्येक टोकावर एक बीजाणू. हे गदाकवक.

तिसरे, पिशवीही नाही, गदाही नाही. काळ्या रांजणासारख्या कोठीच्या आतल्या भिंतीवर बारीक देठांच्या टोकाला थेट बीजाणू धरलेले. ही कवकाची अलैंगिक अवस्था होय.

घोटाळा होतो तो इथेच. कित्येक धानीकवकांच्या धान्याही अशाच काळ्या रांजणात असतात. बाहेरून दोन्ही रांजण सारखेच : लाकडावर एक काळा ठिपका. आत शेंग आहे की देठ, हे रांजण फोडल्याशिवाय कळत नाही.

चार ओळखीचे नमुने

(अ) शायझोफायलम कम्यून. हे सर्वांनी पाहिलेले असते. वाळलेल्या फांदीवर एक ते चार सेंटिमीटरचे, राखाडी-पांढरे, लोकरीसारखी लव असलेले छोटे पंखे. पऱ्हाट्यांच्या ढिगात, आंब्याच्या ओंडक्यावर, कुंपणाच्या खांबावर, सर्वत्र मिळाले. खालच्या पट्ट्या कडेला लांबीत दुभंगलेल्या असतात, ही खूण भिंगाने सहज दिसते. कोरड्या हवेत या दुभंगलेल्या कडा आत वळतात आणि पाऊस येताच उलगडतात. बीजाणू-ठसा पांढरा. बीजाणू रंगहीन, लांबट, सुमारे ५ ते ७ मायक्रॉन लांब. स्वीडनच्या फ्रीस या शास्त्रज्ञाने १८१५ साली त्यास हे नाव दिले. कॅनडात काम करणाऱ्या बुलर या शास्त्रज्ञाने १९११ साली या कवकाचे वाळलेले तुकडे नळीत बंद करून ठेवले होते. सुमारे पन्नास वर्षांनी ते ओले केले तेव्हा ते पुन्हा उलगडले. पावसाची वाट पाहणे आम्हा मराठवाड्याच्या माणसांना नवे नाही, पण इतकी वाट आम्हीही पाहिलेली नाही!

(आ) डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलेरिया. नारिंगी-पिवळे, जेलीसारखे, छोट्या पळीच्या आकाराचे, साधारण एक-दीड सेंटिमीटर उंच. उघड्यावर पडलेल्या जुन्या फळीच्या भेगांतून रांगेने उगवते. उन्हात वाळून नाहीसे झाल्यासारखे वाटते आणि पावसात पुन्हा फुगते. कूज तपकिरी. सूक्ष्मदर्शकाखाली याची गदा पाहिली की विसरत नाही, कारण ती चारटोकी नसून बेचकीसारखी दोन फाट्यांची असते.

(इ) ऑरिक्युलॅरिया. तपकिरी, चिवट-जेलीसारखे, माणसाच्या कानाच्या पाळीसारखे. हात लावला तर कान धरल्याचाच भास होतो. याची गदा लांबट असून तीन आडव्या पडद्यांनी तिचे चार खण झालेले असतात.

(ई) डाल्डिनिया. आरा मशीनच्या मागे पडलेल्या जुन्या ओंडक्यावर कोळशाच्या अर्ध्या गोळ्यासारखे. उभे कापल्यावर आत कांद्यासारखी एकाबाहेर एक वर्तुळे दिसतात. बोटाला काळी पूड लागते, ते बीजाणू. हे धानीकवक आहे. आमच्याकडच्या नमुन्याचा कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकताच जांभळट रंग सुटला. बीजाणू गर्द तपकिरी, १० ते १३ मायक्रॉन लांब.

या नमुन्यांवरून मी एक लहानशी 'ओळख-किल्ली' तयार केली. नवख्याने तिचा वापर करून पाहावा :

१. फलकाय जेलीसारखा असल्यास २ पाहा. नसल्यास ३ पाहा.
२. नारिंगी, पळीसारखा : डॅक्रिओपिनॅक्स. तपकिरी, कानासारखा : ऑरिक्युलॅरिया.
३. पंख्यासारखा, खाली दुभंगलेल्या पट्ट्या : शायझोफायलम. काळा, कठीण असल्यास ४ पाहा.
४. अर्धगोल, कापल्यावर आत वर्तुळे : डाल्डिनिया. सालीतून वर आलेले नुसते काळे ठिपके : येथे थांबा. सूक्ष्मदर्शकाशिवाय पुढे जाऊ नका.

किल्लीतील हे शेवटचे वाक्य प्रथम नव्हते. ते नंतर घातले. ते का, हे आता सांगते.

आंब्याचे झाड

आमच्या बांधावर, विहिरीच्या कडेला गावरान आंब्याचे एक झाड आहे. ते आजोबांनी लावलेले. शेत दोन एकर, तेही कोरडवाहू. त्यामुळे आमच्याकडे पिढीजात म्हणावे असे जे काही आहे ते हे झाडच. गेल्या श्रावणात त्याच्या काही फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. पाने तपकिरी होऊन वर वळली आणि बरेच दिवस फांदीलाच लटकून राहिली. वाळलेल्या काटक्यांवर सालीतून फुटून आलेले बारीक काळे ठिपके होते.

अण्णांनी मला शेतात नेले. "तू ते बुरशीचं शिकायलीस ना? मग बघ बरं ह्याला काय झालं ते."

अण्णांनी शाळा चौथीत सोडली. त्यांनी मला काही विचारावे असा प्रसंग तोवर आला नव्हता. मी भिंग काढले आणि ठिपके पाहिले. आठ दिवसांपूर्वीच आरा मशीनवरच्या आंब्याच्या ओंडक्यावर असेच काळे ठिपके पाहून मी पुस्तकातील चित्रावरून 'हायपोक्सिलॉन' असे लिहिले होते. हायपोक्सिलॉन हे डाल्डिनियाचे जवळचे नातलग. ते बहुधा मेलेल्या लाकडावर वाढते. मी ऐटीत तेच नाव सांगितले आणि वर म्हणाले, "हे मेलेल्या लाकडावरचं आहे अण्णा. झाडाला त्याचा काही त्रास नाही." चिठ्ठीवरही तसेच लिहिले. एक काप घेऊन पाहण्याचे, निदान रसायनाचा एक थेंब टाकून रंग पाहण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत.

अण्णांनी ऐकले. मुलगी कॉलेजात शिकते, ती म्हणते म्हणजे खरे असणार. त्यांनी फांद्या तशाच राहू दिल्या. दसऱ्यापर्यंत आणखी दोन मोठ्या फांद्या गेल्या.

मग मात्र मी काटकी घेऊन प्रयोगशाळेत गेले. ठिपक्याचा काप घेतला. धानी शोधली. एक नाही. रांजणाच्या भिंतीवर बारीक देठ आणि त्यांवर लांबट, रंगहीन, एकपेशीय बीजाणू होते. मॅडमनी घाई करू दिली नाही. काटकी ओल्या टीपकागदावर काचेच्या डबीत झाकून ठेवली. पुढच्या शनिवारी ठिपक्यांतून काळा चिकट द्रव बाहेर आला होता. त्यातील बीजाणू आता गर्द तपकिरी झाले होते. प्रत्येकाच्या मध्ये एक पडदा, म्हणजे दोन खण, आणि अंगावर टरबुजावर असाव्यात तशा उभ्या रेषा. वीस मोजले : लांबी २० ते ३० मायक्रॉनच्या दरम्यान.

हे हायपोक्सिलॉन नव्हते. या सर्व खुणा लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी या कवकाशी जुळत होत्या. पातूयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९२ साली त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा नाव 'बोट्रिओडिप्लोडिया' होते. जुन्या शेतकीच्या पुस्तकांत तेच सापडते. ज्या कोको झाडावर ते मिळाले त्यावरून 'थिओब्रोमी'. उष्ण प्रदेशात ते शेकडो झाडांवर आढळते, आणि आंब्याच्या फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येणे, म्हणजे मर, या रोगाशी त्याचा संबंध प्रसिद्ध आहे.

मला रडू आले. मॅडम म्हणाल्या, "रडू नकोस. आणि आता उलट दिशेची चूकही करू नकोस. हे कवक मेलेल्या काटकीवरही राहते, आणि पाण्याच्या ताणाने किंवा किडीने अशक्त झालेल्या झाडात शिरते. कवक सापडले एवढ्याने तेच गुन्हेगार ठरत नाही. आधी फांदी चिरून पाहा."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. नाव कळणे ही एक पायरी आणि कारण कळणे ही दुसरी. मी पहिली पायरीही नीट न चढता दुसरीवर उडी मारली होती.

घरी येऊन मी अण्णांना सरळ सांगितले की मी चुकले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नावाचं जाऊ दे बाई. झाड मेलं का जित्तं हाय, ते बघू चल."

आम्ही वाळत आलेली फांदी उभी चिरली. मेलेल्या भागाखाली, जिथे साल बाहेरून हिरवी होती तिथेही, आतल्या लाकडात तपकिरी पट्टा खाली उतरत गेला होता. फळ दिसण्यापूर्वी कवक आत वाढलेले असते, हे मी वर लिहिले आहे. तेव्हा ते नुसते वाक्य होते, आता डोळ्यांनी दिसले. पट्टा जिथे संपला त्याच्या खाली तीन बोटे निरोगी लाकडातून अण्णांनी प्रत्येक फांदी कापली. भोके पाडणारी कीड कोठे दिसली नाही. कापलेल्या फांद्या बांधावर न ठेवता जाळल्या. कापलेल्या तोंडांना बोर्डो मलम लावले : मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडे वापरायचे नाही. विळ्याचे चकचकीत पाते मलमात बुडवून पाहायचे. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुना आणखी घालायचा. पाते बुडवण्याचे हे काम मायने केले आणि "तांबडं नाही आलं" असा निकालही तिनेच दिला.

सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडे

झाडाखाली जुन्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. त्यावरच्या काळ्या ठिपक्यांचाही मी काप घेतला. तेच रेषांचे, दोन खणांचे बीजाणू! बुरशी पऱ्हाट्यांवरून आंब्यावर गेली असा निष्कर्ष मी लिहिणारच होते. पण सारखे दिसले म्हणजे एकच, असे होत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डी.एन.ए.च्या तपासणीने असे आढळले आहे की, ज्याला एकच लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी समजत होते त्यात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक वेगळ्या जाती लपलेल्या आहेत. म्हणून माझ्या प्रकल्पवहीत मी फक्त एवढेच लिहिले : 'सूक्ष्मदर्शकीय लक्षणांवरून लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमीसारखे.' ते 'सारखे' पुसण्याचा अधिकार मला नाही. ढीग मात्र आम्ही झाडापासून दूर हलवला. त्यासाठी पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

परभणीस १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. पिकांच्या रोगांविषयी सल्ला मागायला जिल्ह्यातला शेतकरी तिकडे पाहतो. पुण्यास १९४६ साली प्रा. शं. पु. आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तिची संशोधन संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे आजरेकर यांच्या नावाचा कवकांचा संग्रह आहे आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. कवकांच्या अशा संग्रहात वाळलेला नमुना चिठ्ठीसह जपून ठेवतात. पुढे कोणी अभ्यासक येतो, नमुना पुन्हा तपासतो, आणि आधीचे नाव चुकीचे वाटल्यास नवी चिठ्ठी जोडतो. जुनी चिठ्ठी फाडून टाकीत नाहीत, ती तशीच राहते. कोणी, केव्हा, काय समजले होते याचा तो इतिहास असतो. हे मॅडमकडून ऐकले तेव्हा मला फार बरे वाटले. जिथे चुकीला जपून ठेवायची जागा आहे तिथे शिकायला भीती वाटत नाही.

समारोप

सारांश, लाकडावरच्या लहान बुरशीची ओळख तीन ठिकाणी होते : रानात, भिंगाखाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली. रानातली नोंद चुकली तर पुढची दोन्ही कामे व्यर्थ होतात. आणि सूक्ष्मदर्शकाचे काम टाळून रानातल्या नोंदीवरच नाव ठोकले तर माझ्यासारखी गत होते. जेवढे पाहिले तेवढेच बोलावे. माझ्यासारख्या विद्यार्थिनीला हे अधिक लागू आहे, कारण आमच्या शब्दाला घरात कोणी उलट विचारीत नाही. ज्या घरात सगळेच शिकलेले असतात तिथे चुकीचे बोलणे जागीच अडवले जाते. आमच्या घरी ते खरे मानून त्याप्रमाणे वागतात.

झाडाविषयी वाचकांना उत्सुकता असेल. माघात राहिलेल्या फांद्यांपैकी दोन फांद्यांना मोहोर आला. कापलेल्या एका तोंडाखाली तांबूस पालवी फुटली आहे. झाड वाचले असे मी म्हणणार नाही, येता पावसाळा गेल्यावर ते कळेल. मधल्या काळात लाकडाच्या व्यापाऱ्याचा माणूस एकदा येऊन गेला. अण्णांनी त्यास सांगितले, "पोरगी अजून तपासायलीय."

माझ्या नमुना क्रमांक १४ च्या पुडीत आज दोन चिठ्ठ्या आहेत. पहिली श्रावणातली, 'हायपोक्सिलॉन, अपाय नाही' अशी, माझ्याच अक्षरातली. दुसरी कार्तिकातली. पहिली मी फाडली नाही.

ज्यांनी प्रयोगशाळेचे दार उघडले त्या मॅडमची, आणि कुजलेल्या लाकडाचे दोन तुकडे समोर ठेवून ज्यांनी पहिला धडा दिला त्या अण्णांची, मी ऋणी आहे.